मॉरिसव्हिल (नॉर्थ कॅरोलायना)

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील रॅली-डरम विमानतळाला लागून असलेले छोटे शहर. क्षेत्रफळ सुमारे २५ चौ. किमी. लोकसंख्या २९,६३० (२०२०). शहराचा बहुतांश भाग वेक काउंटीत असून थोडा डरम काउंटीत मोडतो. रॅली आणि डरम ही दोन मोठी शहरे दोन बाजूंना साधारण वीस-वीस किमीवर आहेत. दक्षिणेला आणि पश्चिमेला कॅरी शहराची हद्द इतकी भिडली आहे, की घर नेमके कोणत्या गावात आहे हे रहिवाशाला पुष्कळदा कराची पावती पाहूनच कळते.

कागदोपत्री मॉरिसव्हिल ‘टाउन’ आहे. नॉर्थ कॅरोलायनात सिटी, टाउन आणि व्हिलेज या शब्दांना कायद्याने वेगवेगळे अर्थ नाहीत, तिन्हींचे अधिकार सारखेच. महापौर व सहा नगरसेवक धोरण ठरवतात, रोजचा कारभार नेमलेला व्यवस्थापक पाहतो. पोलीस, अग्निशमन, उद्याने आणि बांधकाम परवाने ही खाती गावाकडे आहेत. विमानतळ, मोठे रस्ते, लोहमार्ग, नळाचे पाणी आणि शाळा या गोष्टी मात्र गावाच्या हातात नाहीत. मॉरिसव्हिलच्या नकाशाचा विचित्र आकार आणि तिथल्या रोजच्या तक्रारी, दोन्हींचे मूळ या यादीत सापडते.

गाव वसले ते रेल्वेमुळे. जेरेमाया मॉरिस या जमीनदाराने नॉर्थ कॅरोलायना रेलरोडला स्थानकासाठी जमीन दिली. १८५२ मध्ये टपाल कार्यालय उघडले आणि मॉरिसचेच नाव गावाला मिळाले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या शेवटच्या दिवसांत, एप्रिल १८६५ मध्ये, या स्थानकापाशी घोडदळाची चकमक झडली. पुढच्या काही दिवसांतच जवळच्या बेनेट यांच्या शेतघरात दक्षिणेच्या फौजेचा जनरल जॉन्स्टन आणि उत्तरेचा जनरल शर्मन यांची बोलणी झाली व २६ एप्रिलला जॉन्स्टनने शरणागती पत्करली. १८७५ मध्ये गावाला सनद मिळाली. महामंदीच्या काळात, १९३३ मध्ये ती रद्द झाली आणि १९४७ मध्ये परत मिळाली. मधली चौदा वर्षे हे गाव कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते.

पुढे शेजारी दोन मोठ्या गोष्टी आल्या. विमानतळ १९४३ पासून सुरू आहे. १९५९ मध्ये रिसर्च ट्रँगल पार्क ही संशोधन वसाहत स्थापन झाली. या वसाहतीच्या नियमांत कित्येक दशके घरे बांधायला मनाई होती, म्हणजे कामाला हजारो माणसे आणि राहायला एकही नाही. ती माणसे आसपासच्या गावांत पसरली. तरी मॉरिसव्हिल बराच काळ लहानच राहिले, याचे एक कारण जमिनीखाली आहे. हा पट्टा ट्रायासिक या प्राचीन भूशास्त्रीय काळातल्या खोऱ्याचा असून इथली चिकण माती पाणी जिरू देत नाही. सेप्टिक टाकीचे सांडपाणी जिरायला जी मुरणारी जमीन लागते, ती इथे क्वचितच मिळते. सांडपाण्याची वाहिनी आल्यावरच दाट वस्ती शक्य झाली. २००० मध्ये ५,२०८ असलेली लोकसंख्या २०१० मध्ये १८,५७६ झाली आणि पुढच्या दहा वर्षांत आणखी साठ टक्क्यांनी वाढली. आयबीएमचा वैयक्तिक संगणकांचा व्यवसाय लेनोव्होने २००५ मध्ये विकत घेतला. तिचे अमेरिकेतील मुख्यालय याच गावात आहे.

ही माती घर घेणाऱ्यालाही त्रास देते. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. कोरड्या उन्हाळ्यानंतर दारे चौकटीत अडकणे, खिडकीच्या कोपऱ्यातून विटांच्या सांध्यांत पायऱ्यांसारखी तिरकी चीर जाणे आणि घराखालच्या पोकळीत, म्हणजे क्रॉल स्पेसमध्ये, दमट वास येणे ही तिची लक्षणे. केसासारखी बारीक चीर बहुधा निरुपद्रवी असते. ती एका टोकाला रुंद होत असेल किंवा दोन्ही बाजूंच्या विटा एका पातळीत नसतील, तर रंगारी बोलावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवावा. पन्हाळीचे पाणी पायापासून दोन मीटर तरी लांब सोडणे आणि भिंतीलगतच्या जमिनीचा उतार घरापासून बाहेर ठेवणे, एवढ्यावर निम्मे दुखणे टळते. नव्या घरांतही अंगणात पाणी साचते, कारण बांधकामात वरची माती खरवडून निघते आणि उरलेल्या चिकण मातीवर हिरवळीचे गालिचे अंथरले जातात.

विमानतळाचा शहराशी असलेला संबंध वाऱ्यावर अवलंबून आहे. मुख्य दोन धावपट्ट्या ईशान्य-नैर्ऋत्य दिशेने आहेत. मॉरिसव्हिल त्यांच्या नैर्ऋत्य टोकाकडे येते. विमाने वाऱ्याला सामोरी जाऊन उतरतात आणि चढतात, त्यामुळे वारा नैर्ऋत्येचा असला की शहराच्या उत्तर भागावरून उड्डाणे होतात आणि ईशान्येचा असला की तिथूनच विमाने उतरतात. उन्हाळ्यात नैर्ऋत्य वारा नेहमीचा, म्हणून इंजिनांची गुरगुर जास्त. हिवाळ्यातल्या गार, ढगाळ, रिमझिम दिवसांत ईशान्य वारा सुटतो आणि मग खाली आलेल्या विमानांची शीळ ऐकू येते. नेहमीच्या तीन अंशांच्या उतरणीने येणारे विमान धावपट्टीपासून चार किमीवर जेमतेम २०० ते २२५ मीटर उंचीवर असते. अंगणातून शेपटीवरचे चिन्ह वाचता येते.

अमेरिकेत विमानांचा आवाज ‘डीएनएल’ या दिवसरात्रीच्या सरासरीने मोजतात. तीत रात्री १० ते सकाळी ७ या वेळेतल्या प्रत्येक उड्डाणाला १० डेसिबल वाढवून धरतात, म्हणजे रात्रीचे एक विमान दिवसाच्या दहांइतके मोजले जाते. ध्वनिनकाशावरील ६५ डीएनएलच्या रेषेच्या आत घरे असू नयेत, असा केंद्रीय विमान वाहतूक प्रशासनाचा संकेत आहे. विमानतळाजवळच्या पट्ट्यांत शहराने घरबांधणीवर निर्बंध घातले आहेत, म्हणून त्या बाजूला गोदामे, हॉटेले आणि कार्यालयेच दिसतात. रेषेबाहेरचे घर शांत असेलच असे मात्र नाही. सरासरी ही सरासरीच, पहाटे साडेपाचला डोक्यावरून गेलेले मालवाहू विमान तिच्यात दिसत नाही. म्हणून घर एकदा उन्हाळी वाऱ्याच्या दिवशी आणि एकदा ईशान्य वाऱ्याच्या दिवशी, खिडक्या उघड्या ठेवून, पाहावे. घर दाखवणारा एजंट रविवारी दुपारची वेळ सुचवतो, पण कामकाजाच्या दिवशी सकाळी सहाला जाऊन उभे राहिल्यावरच खरे काय ते कळते. १०,००० फुटांच्या जुन्या मुख्य धावपट्टीच्या जागी तिच्या वायव्येला १०,६३९ फुटांची नवी धावपट्टी बांधली जात आहे, त्यामुळे जुन्या ध्वनिनकाशांवर विसंबू नये.

विमानतळावरून भारतात थेट विमान नाही. लंडनची सेवा १९९४ पासूनची. पॅरिस आणि २०२४ पासून फ्रँकफर्ट येथेही थेट जाता येते. मुंबईहून मुलांकडे येणाऱ्या आई-वडिलांच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. युरोपात एकदाच विमान बदलले, की इमिग्रेशन थेट याच विमानतळावर होते आणि न्यूयॉर्क किंवा शिकागोला बॅगा उचलून पुन्हा टाकण्याची कटकट उरत नाही.

पाण्याचे बिल मॉरिसव्हिलच्या पत्त्यावर येते, पण ते पाठवते कॅरी. २००६ पासून नळपाणी व सांडपाण्याची व्यवस्था कॅरीकडे आहे आणि पाणी जॉर्डन लेकमधून येते. नवे भाडेकरू जोडणीसाठी मॉरिसव्हिलच्या टाउन हॉलमध्ये जातात आणि हात हलवत परततात. दरवर्षी मार्चच्या सुमारास वाहिन्या धुण्यासाठी क्लोरामाइन या नेहमीच्या जंतुनाशकाऐवजी काही आठवडे नुसते क्लोरीन वापरतात. त्या दिवसांत पाण्याला पोहण्याच्या तलावासारखा वास येतो. ते पाणी पिण्यास योग्य असते, मडक्यात किंवा भांड्यात उघडे ठेवले की वास उडतो. माशांच्या टाकीत घालण्यापूर्वी मात्र त्यातले क्लोरीन काढावे लागते.

विमानतळ आणि शहर यांच्या मध्ये लेक क्रॅबट्री आहे. हा पूरनियंत्रणासाठी बांधलेला जलाशय, काठावर काउंटीचे उद्यान, आणि सायकलवाल्यांच्या आवडत्या जंगलवाटांची जमीन विमानतळ प्राधिकरणाची. तलावात पोहण्यास बंदी आहे. विमानतळाजवळच्या एका जुन्या ट्रान्सफॉर्मर दुरुस्ती कारखान्यातून पीसीबी ही घातक रसायने ओढ्यांवाटे इथवर पोहोचली. त्या कारखान्याच्या जागेची नोंद २००३ मध्ये केंद्र सरकारच्या अतिप्रदूषित जागांच्या ‘सुपरफंड’ यादीत झाली. तळाशी चरणाऱ्या कॅटफिश आणि कार्प या माशांत ही रसायने साठतात. ते खाऊ नयेत, अशी आरोग्य खात्याची सूचना आहे. गळ टाकायला बंदी नाही, त्यामुळे काठावरच्या पाट्या न वाचणारा नवखा माणूस कॅटफिश पिशवीत घालून घरी नेऊ शकतो.

वाहतूक हे शहराचे जुने दुखणे. राज्य मार्ग ५४, म्हणजेच चॅपल हिल रोड, लोहमार्गाला खेटून जातो. फाटक पडले की वळणाऱ्या गाड्यांना रूळ आणि चौक यांच्या मधल्या तोकड्या जागेत थांबायला वाव नसतो आणि रांग मुख्य रस्त्यावर येते. प्रमुख रस्ते बहुतेक राज्याच्या वाहतूक खात्याचे असल्याने रुंदीकरणाचा क्रम राज्य ठरवते आणि बोलणी नगरसेवक खातात. ५४० क्रमांकाचा वळणरस्ता इथे पोहोचेपर्यंत फुकट आहे, पुढे दक्षिणेला त्याच क्रमांकाने तो टोलचा होतो. टोलनाका नाही, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि बिल टपालाने येते. भाड्याच्या गाडीला त्यावर कंपनीचे शुल्कही चढते. गाडी नसलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२१ पासून शहराची फुकट ‘स्मार्ट शटल’ आहे. ॲपवर किंवा फोनवर बोलवायची, पण ती दारात येत नाही. ठरलेल्या एका थांब्यावरून दुसऱ्या थांब्यापर्यंतच नेते. त्यातला एक थांबा प्रादेशिक बसस्थानकाचा आहे.

शाळा वेक काउंटीच्या. पत्ता शाळेच्या क्षेत्रात असला म्हणजे प्रवेश तिथेच मिळेल असे नाही. पट भरलेल्या शाळा नव्या मुलांना दुसरीकडे पाठवतात, म्हणून भाडेकरार करण्याआधी काउंटीच्या संकेतस्थळावर पत्ता घालून पाहावा. काही शाळा वर्षभर चालतात, ४५ दिवस अभ्यास आणि १५ दिवस सुट्टी या चक्राने. दोन भावंडे सुट्ट्यांच्या वेळा वेगळ्या असलेल्या गटांत पडली, तर मे महिन्यात भारतात येण्याचा बेत कोलमडतो.

रहिवाशांत आशियाई वंशाचे लोक चाळीस टक्क्यांहून अधिक आहेत. त्यांत भारतीय बहुसंख्य, आणि बरेच जण संगणक व औषधसंशोधन क्षेत्रांत काम करणारे. हिंदू सोसायटी ऑफ नॉर्थ कॅरोलायनाचे मंदिर एव्हिएशन पार्कवेवर आहे, तर श्री वेंकटेश्वर मंदिर शेजारच्या कॅरीत.

चर्च स्ट्रीट पार्कमधले क्रिकेट मैदान शहराच्या उद्यान खात्याचे असून २०१५ पासून वापरात आहे. अमेरिकेत क्रिकेट बहुधा बेसबॉलच्या मैदानावर चटई अंथरून खेळले जाते. इथे मात्र हिरवळीत खरी मातीची खेळपट्टी आहे. २०१८ मध्ये टी-२० विश्वचषकाची अमेरिका खंडांच्या विभागातील उप-पात्रता फेरी येथे झाली. जुलै २०२३ मध्ये मेजर लीग क्रिकेट या अमेरिकेतील टी-२० स्पर्धेच्या पहिल्या हंगामाचे काही सामने झाले तेव्हा तात्पुरते सज्जे उभारून सुमारे ३,५०० प्रेक्षकांची सोय केली होती. २२ जुलैला मुंबईत जन्मलेल्या सौरभ नेत्रावळकरने वॉशिंग्टन फ्रीडमकडून खेळताना सॅन फ्रान्सिस्को युनिकॉर्न्सचे ६ बळी अवघ्या ९ धावांत घेतले. सामने संपल्यावर सज्जे उतरवले आणि मैदान पुन्हा स्थानिक संघांच्या वेळापत्रकात गेले.