बटाट्याचा कूगेल आणि रात्रभर जागणारा विस्तव

कूगेल या ज्यू पदार्थाचे सामान अगदी साधे. दोन-सव्वादोन किलो बटाटे, एक-दोन कांदे, पाच-सहा अंडी, मीठ, बऱ्यापैकी मिरपूड आणि हात आखडता न घेता तेल. किसलेला बटाटा हवा लागताच काळा पडू लागतो, म्हणून जाणत्या बायका एक-दोन बटाटे, मग थोडा कांदा, पुन्हा बटाटे अशा क्रमाने किसत जातात. कांद्याच्या रसामुळे किस काही वेळ तरी पांढरा राहतो. त्यातले पाणी पिळून काढायचे, अंडी फेटून घालायची आणि कडकडीत तापवलेले तेल वरून ओतायचे. तेल पडताच किस चुर्र करतो आणि कच्च्या बटाट्याच्या वासावर कांद्याचा वास चढतो.

हेच मिश्रण ओव्हनमध्ये ठेवले तर तासा-दीड तासात वरून खरपूस, आतून मऊ वडी तयार होते. आपल्याकडची कोबीची भानोळी आठवावी असे तिचे रूप असते. पण अनेक धार्मिक ज्यू घरांत ते शुक्रवारी दुपारी स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, जाते आणि शनिवारी दुपारी पानात येते. मधे अठरा-वीस तास जातात. तेवढ्या वेळात पांढरा किस कडक चहाच्या रंगाचा होतो आणि त्याला एक गोडसर, भाजकी चव येते. ओव्हनच्या झटपट आचेला ती जमत नाही.

बटाटा शिजायला वीस तास लागत नाहीत. हा वेळ धर्मनियमाने दिला आहे, आणि त्या नियमाची गोष्ट दोन हजार वर्षांच्या आसपासची आहे.

शब्बोस म्हणजे शब्बाथ, ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस. मध्य आणि पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंचा हा उच्चार. शुक्रवारच्या सूर्यास्ताआधी तो सुरू होतो आणि शनिवारी रात्री तारे दिसले की संपतो. या काळात 39 प्रकारची कामे वर्ज्य. त्यांत स्वयंपाक आला, विस्तव पेटवणे आले आणि विझवणेही आले. मात्र आधीच पेटवलेला विस्तव आपला आपण जळत राहिला तर त्याला हरकत नाही. एवढ्याशा मोकळिकीवर शनिवारचे सगळे गरम जेवण उभे आहे.

इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात याचा खल आहे. चूल काडीकचऱ्याने किंवा धसकटांनी तापवली असेल तर शब्बाथच्या आधी तिच्यावर भांडे ठेवून द्यावे. लाकडाने किंवा पेंडीने तापवली असेल तर आधी निखारे ओढून काढावेत, नाहीतर त्यांच्यावर राख पसरावी. काडीकचऱ्याचा जाळ लवकर विझतो, लाकडाचे निखारे मात्र रात्रभर धगधगतात आणि ते ढोसायचा मोह कुणालाही होऊ शकतो. राख ही त्या मोहावरची आठवण. ज्यांच्या घरी चूल होती, वैलावर भाजीचे भांडे ठेवून विस्तव राखेखाली झाकला जायचा, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पुढे राखेच्या जागी पत्रा आला. गॅसच्या शेगडीवर आणि तिच्या बटणांवर झाकायच्या त्या पत्र्याला यिद्दिशमध्ये, म्हणजे अश्केनाझी ज्यूंच्या भाषेत, ब्लेख म्हणतात, आणि आजही तो घरोघरी वापरला जातो.

गरम जेवणाचा एवढा आग्रह का, यामागे एक जुना वाद आहे. आठव्या शतकातील आनान बेन दाविद यांच्या परंपरेतून पुढे कराईट पंथ वाढला. शब्बाथच्या दिवशी घरात विस्तव असताच कामा नये, आधी पेटवलेलाही नको, असा अर्थ त्या पंथाने धर्मग्रंथातून काढला. म्हणजे शुक्रवारची रात्र अंधारात आणि शनिवारचे जेवण थंड. रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, याला कडाडून विरोध केला आणि शनिवारचे गरम अन्न ही जणू निष्ठेची खूण झाली. बाराव्या शतकात दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या झेरह्या हालेवी या पंडितांनी तर असे लिहिले, की जो शब्बाथला गरम अन्न खात नाही तो पाखंडी तर नाही ना, याची चौकशी करावी.

मग प्रत्येक प्रदेशाने आपापले रात्रभराचे भांडे शोधले. बगदादच्या ज्यूंचे कोंबडी-भाताचे हमीन त्यातलेच. ते त्यांच्याबरोबर मुंबईपर्यंत आले. युरोपात घेवडा, जव आणि मांसाचे चोलेंट रुळले. तेराव्या शतकात व्हिएन्नाच्या रब्बी इसहाक यांच्या लिखाणात फ्रान्समधल्या चोलेंटचा उल्लेख सापडतो. (आपल्या कोकणातले बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. शब्बाथ तोच, पण कूगेल त्यांच्या घरचा नव्हे. तो अश्केनाझींचा.)

कूगेलचा जन्म याच चोलेंटच्या भांड्यात झाला. जर्मनमध्ये कूगेल म्हणजे गोळा. पावाचा किंवा पिठाचा गोळा रश्श्यात सोडायचा आणि तो रात्रभर मांसाची चरबी पीत फुगायचा. पुढे त्या गोळ्यासाठी वेगळे लहान भांडे झाले, ते मोठ्या भांड्यात ठेवले जाऊ लागले, आणि मग कूगेल स्वतंत्र झाला. शेवयांचा, भाताचा, गोड, तिखट असे त्याचे कितीतरी प्रकार आहेत. गॅलिशिया (आजच्या पोलंड-युक्रेनमधला प्रदेश) आणि पोलंडकडची माणसे त्याला कीगेल म्हणतात, लिथुआनियाकडची कूगेल, आणि एवढ्या एका स्वरावरून समोरच्याचे घराणे कळते.

बटाटा यात फार उशिरा आला. अठराव्या शतकाच्या शेवटापासून तो पूर्व युरोपात पसरू लागला आणि एकोणिसाव्या शतकात रशियन साम्राज्याच्या पश्चिम प्रांतांतल्या गरीब ज्यूंचे ते रोजचे अन्न झाले. बटाट्याला आपणही परके नाव वापरतो, पोर्तुगिजांचे. पण आपल्याकडे तो उपवासाला चालू लागला, सणाच्या ताटात भाजी होऊन बसला. तिथे तो नाइलाज होता. एक यिद्दिश लोकगीत आहे, त्यात रविवारी बटाटे, सोमवारी बटाटे, मंगळवारी पुन्हा बटाटे असा आठवडा सरकत जातो आणि शब्बोसला काहीतरी नवलाईचे म्हणून येतो बटाट्याचा कूगेल. रविवारी परत बटाटे.

या गाण्यातल्या शनिवारापाशी मी नेहमी थांबतो. घरात दुसरे काहीच नव्हते, तरी शनिवार हा शनिवारच असला पाहिजे, असे त्या बायकांनी ठरवले होते. तोच बटाटा, पण त्या दिवशी तो किसायचा, जपून ठेवलेली हंसाची किंवा कोंबडीची चरबी त्यात घालायची आणि त्याला एक अख्खी रात्र द्यायची. हासिदी या भक्तिमार्गी ज्यू पंथांत तर कूगेलला प्रसादाची कळा आली. रब्बीच्या पंगतीत त्यांच्या ताटातला कूगेल भक्तांना वाटला जातो आणि चिमूटभर तरी हाती पडावा म्हणून झुंबड उडते.

रात्रभर पुरेल एवढा विस्तव घरोघरी राखणे गरिबांना परवडत नसे. मग शुक्रवारी दुपारी गावातली सगळी भांडी बेकरीकडे जात. भट्टीचे तोंड बंद केले जाई आणि शनिवारी दुपारी ज्याचे त्याने आपले भांडे घरी न्यावे. विल्ना शहरातली, म्हणजे आजच्या व्हिल्नियसमधली, हीच आठवण एका आईने अमेरिकेत आपल्या मुलाला सांगितली. मुलगा इंजिनिअर होता, इरव्हिंग नॅक्सन. आजीचे चोलेंट बेकरीच्या मंदावत जाणाऱ्या भट्टीत रात्रभर शिजायचे, हे ऐकून त्याने भांड्यालाच चहूबाजूंनी ऊब देणारे विजेचे उपकरण तयार केले. 1936 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, 1940 मध्ये ते मिळाले. नाव ठेवले नॅक्सन बीनरी. 1970 मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला आणि 1971 मध्ये ते उपकरण क्रॉक-पॉट या नावाने बाजारात आणले. सकाळी कामावर जाऊन संध्याकाळी आयते गरम जेवण, अशी त्याची जाहिरात होती.

म्हणून स्लो कुकरमधल्या कूगेलला कुणी आधुनिक पळवाट म्हटले की मला ते पटत नाही. हे यंत्रच शब्बोसच्या भांड्यातून जन्मले आहे.

अर्थात यंत्र आले तसे प्रश्नही आले. चालू कुकरचे बटण शब्बोस सुरू झाल्यावर फिरवायचे नाही, म्हणून अनेकजण ते आधीच झाकून टाकतात. अन्न पुरते शिजलेले नसेल तर काढलेले झाकण परत ठेवता येत नाही, कारण त्याने शिजणे लवकर होते. सर्वांत मोठा वाद मात्र ऊब देण्याच्या पद्धतीवर झाला. भांडे उबेत पुरून ठेवण्याला हतमाना म्हणतात आणि ज्या वस्तूने उष्णता वाढते अशा वस्तूत ते पुरायला मनाई आहे. चूल खालून तापते, स्लो कुकर बाजूंनीही वेढतो. मग हे पुरणे झाले का? वरची बाजू उघडी आहे, म्हणून नाही, असे अश्केनाझी परंपरेतल्या अनेकांचे मत. जेरुसलेमच्या रब्बी श्लोमो झल्मन ऑयरबाख यांनी कडक बाजू घेतली. त्यांचे मानणाऱ्या घरांत आजही कुकरच्या तळाशी अॅल्युमिनियम फॉइलचे गोळे ठेवतात, आतले भांडे त्यांवर बसवतात आणि त्याची कड बाहेरच्या कवचापेक्षा वर आणतात. मिश्नातल्या राखेशी या फॉइलच्या गोळ्यांचे नाते मला अगदी जवळचे वाटते.

चरबीची जागा आता बहुतेक ठिकाणी तेलाने घेतली आहे. तेलाचा कूगेल पारवे ठरतो, म्हणजे ना मांसाचा ना दुधाचा, त्यामुळे कुठल्याही जेवणात चालतो. पण रात्रभराच्या भांड्यात अजूनही मांस घालणारे आहेत. किसाच्या दोन थरांमध्ये मांसाचे तुकडे दडवले की त्याला यापचिक म्हणतात. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या बरो पार्कमध्ये गुरुवारी रात्रीच कूगेल आणि चोलेंट विकायला निघतात आणि शब्बोसची वाट न पाहता लोक उभ्याउभ्या खातात.

घरात मात्र शनिवारची दुपारच खरी. प्रार्थनेहून माणसे परततात, जिन्यातच वास येतो. झाकण उघडले की वाफेमागे कूगेल कडांपासून थोडा सुटलेला दिसतो. मधला भाग पाहुण्यांना, आणि भांड्याला धरून राहिलेली काळपट, चिवट, तेलकट खरपूड चमच्याने खरवडून काढायला पोरे आधीच येऊन उभी असतात.