टेस्टिंग वेगळं, प्रॅक्टिस वेगळी

नॅस्कार, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यती भरवणारी संस्था. तिचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "टेस्टिंगवर बंदी आहे, म्हणून छोट्या टीमचं फावतं." लगेच 2020 सालचा दाखलाही दिला जातो. घोळ इथेच होतो. 2020 मध्ये कोरोनामुळे बंद झाली ती प्रॅक्टिस. खासगी टेस्टिंग त्याच्या पाच वर्षं आधीच संपलं होतं. दोन्हींत शर्यत नसताना गाडी ट्रॅकवर फिरते, एवढंच साम्य. छोट्या टीमच्या दृष्टीने पाहिलं तर एकाची बंदी तिला तारते आणि दुसऱ्याची मारते.

प्रॅक्टिस सगळ्यांना ठाऊक आहे. एफ-वन पाहणाऱ्याला शुक्रवारची सरावाची सत्रं समजावून सांगायची गरज नाही. नॅस्कारमध्येही शर्यतीच्या आधी अशी सत्रं असायची आणि शेवटच्या सत्राला 'हॅपी अवर' म्हणायचे.

टेस्टिंग म्हणजे शर्यत नसलेल्या दिवशी टीमने आपल्या खर्चाने गाडी चालवून पाहणं. ट्रॅकचं भाडं, टायर, इंजिनाची झीज, ट्रक, माणसं, त्यांचं राहणं-खाणं, सगळा भार टीमवर. मंदीच्या काळात, नोव्हेंबर 2008 मध्ये, नॅस्कारने जाहीर केलं की आपल्या मुख्य मालिकांच्या शर्यती जिथे होतात त्या ट्रॅकवर 2009 पासून टेस्टिंग करायचं नाही. मग टीम दुसऱ्या ट्रॅकवर गेल्या. रॉकिंगहॅमच्या ट्रॅकवर 2004 नंतर कपची (नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेची) शर्यत उरली नव्हती, तिथे गाड्या फिरू लागल्या. त्या ट्रॅकच्या मागे मार्टिन्सव्हिल या कपच्या ट्रॅकच्या धर्तीवर अर्ध्या मैलाचा छोटा ट्रॅकसुद्धा उभा राहिला. ही पळवाट परवडत होती ती मोठ्यांनाच, त्यामुळे 2009 च्या नियमाने समानता आली असं म्हणणं मला पटत नाही. खरी बंदी 2015 ची. तेव्हापासून खासगी टेस्टिंग कुठेच करता येत नाही. उरल्या त्या नॅस्कारने ठरवलेल्या टेस्ट आणि टायर पुरवणाऱ्या गुडइयर कंपनीच्या टायर टेस्ट. टायर टेस्टला साधारणपणे प्रत्येक कार कंपनीची एखादीच गाडी बोलावली जाते.

आता मुद्द्याचं. टेस्टिंग म्हणजे खासगी क्लास आणि प्रॅक्टिस म्हणजे शाळेचा तास. क्लास बंद केले तर ज्याला फी परवडत नव्हती त्याचं काहीच जात नाही. शाळेचे तास कापले तर मात्र सगळ्यात जास्त नुकसान त्याचंच, कारण श्रीमंताच्या घरी शिकवायला माणूस येतो. टेस्टिंगचा वेळ पैसे मोजून घेतलेला असतो. प्रॅक्टिसचा वेळ प्रत्येक गाडीला सारखा मिळतो, ती चार गाड्यांच्या टीमची असो की एका गाडीच्या. हा फरक सोडून दोन्हींना एकाच तराजूत तोललं की निष्कर्ष उलटेच निघतात.

प्रॅक्टिसमध्ये छोट्या टीमला काय मिळतं ते पाहा. गाडी दहा लॅप मारून आत येते. माणूस गुडघ्यावर बसून प्रत्येक टायरच्या रबरात सुई टोचतो, आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला, आणि तिन्ही तापमानं लिहून घेतो. बाहेरची कड जास्त तापली असेल तर टायर कुठे जास्त घासतोय ते कळतं. ड्रायव्हर सांगतो, वळणाच्या मध्यावर पुढची चाकं वळतच नाहीत. मग हवेचा दाब बदलायचा, वेज (चाकांवरचा भार बदलणारा स्क्रू) अर्धा फेरा फिरवायचा आणि पुन्हा बाहेर. हे ज्ञान दुसरीकडे विकत मिळतं, पण महाग. मोठ्या टीमकडे ते आधीच असतं. कार कंपन्यांच्या सिम्युलेटरवर त्यांचे ड्रायव्हर तासन्‌तास बसतात आणि त्या वेळात झुकतं माप प्रमुख टीमना मिळतं. शिवाय चार गाड्यांनी चार वेगळे सेटअप (गाडीची जुळणी) वापरले की वीस मिनिटांच्या सत्रातून ऐंशी मिनिटांची माहिती गोळा होते. एका गाडीच्या टीमला वीसच.

म्हणून 2020 चा दाखला उलट दिशेने बोलतो. 17 मे रोजी डार्लिंग्टनला कोरोनानंतरची पहिली शर्यत झाली, प्रॅक्टिसशिवाय. जिंकला केविन हार्विक. मोसमभर त्याने 9 आणि डेनी हॅमलिनने 7 शर्यती जिंकल्या. 36 पैकी 16 दोघांतच गेल्या, आणि दोघेही मोठ्या टीमचे. क्वालिफायिंगही (सुरुवातीची जागा ठरवणारी वेळेची फेरी) नसल्यामुळे बहुतेक शर्यतींत सुरुवातीच्या जागा गुण आणि आधीच्या कामगिरीवरून ठरत, म्हणजे मागच्या टीमला पुढे सरकायची तीही वाट बंद. विजेतेपदासाठी उरलेल्या शेवटच्या चौघांत हेन्ड्रिकचा एक, गिब्जचा एक आणि पेन्स्केचे दोन, सगळे मोठ्या टीमचे.

याउलट 2015 पाहा. खासगी टेस्टिंग बंद झालं त्याच वर्षी डेन्व्हरची फर्निचर रो, एकाच गाडीची टीम, मार्टिन ट्रुएक्स ज्युनिअरला घेऊन होमस्टेडच्या ट्रॅकवर विजेतेपदासाठी झुंजणाऱ्या अंतिम चौघांत पोहोचली. हे एकट्या बंदीमुळे झालं असं मी म्हणणार नाही, कारण त्यांचा रिचर्ड चाइल्ड्रेसच्या मोठ्या टीमशी तांत्रिक करार होता. पुढे जो गिब्जशी करार झाला आणि 2017 मध्ये ट्रुएक्स मोसमाचा विजेता ठरला. 2018 च्या शेवटी टीम बंद झाली. मालक बार्नी व्हिसर यांनी प्रायोजक नसणं आणि कराराचा वाढता खर्च ही कारणं दिली. चांगली माहिती लागते, ती एका गाडीतून पुरेशी मिळत नाही आणि विकत घ्यायला गेलं तर तीच टीमला बुडवते. छोट्या टीमची ही कोंडी मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त टोचते.

आता नॅस्कार प्रत्येक गाडीचा थ्रॉटल, ब्रेक आणि स्टिअरिंगचा डेटा सगळ्या टीमना देते, हे फार चांगलं झालं. वाऱ्याच्या बोगद्यातल्या (गाडीवर हवेचा परिणाम तपासायच्या विंड टनेलमधल्या) तासांवरही मर्यादा आली आहे. 2022 च्या नव्या गाडीत बरेचसे भाग ठरलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यावे लागतात, तेही बरंच. पण त्याच वर्षापासून बहुतेक शर्यतींना प्रॅक्टिस जेमतेम वीस मिनिटांच्या आसपास राहिली. माझं मत ठाम आहे: टेस्टिंगवरची बंदी तशीच ठेवा आणि प्रॅक्टिस तासाभराची करा. वीस मिनिटांत एक गाडीवाला दोनदा बाहेर पडतो, मध्ये एक बदल करतो आणि तो चुकला असं कळेपर्यंत झेंडा पडलेला असतो.