उंदराच्या जनुकाचा पत्ता कसा लागतो?

उंदराच्या पेशीत गुणसूत्रांच्या 20 जोड्या असतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या एकमेकींसारख्याच दिसतात. तरीही एखादे जनुक कोणत्या गुणसूत्रावर आहे, हे त्यांतली एकही जोडी न पाहता, केवळ पिल्लांची मोजदाद करून सांगता येते. 1915 साली जे. बी. एस. हॉल्डेन, ए. डी. स्प्रंट आणि नेओमी हॉल्डेन यांनी उंदरातील वर्णहीनता आणि गुलाबी डोळे ही दोन लक्षणे अपेक्षेपेक्षा अधिक वेळा एकत्रच वारशाने उतरतात, असे दाखवले. महायुद्धामुळे हे काम अपुरेच प्रसिद्ध करावे लागले. तोवर स्प्रंट फ्रान्समध्ये मारले गेले होते. ही दोन्ही जनुके सातव्या गुणसूत्रावर आहेत, हे मात्र बऱ्याच काळाने कळले.

या पद्धतीचा आधार असा की, शुक्रपेशी किंवा अंडपेशी तयार होताना जोडीतील दोन गुणसूत्रे आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. दोन जनुके जितकी दूर, तितकी त्यांच्यामध्ये अशी अदलाबदल होऊन ती विलग होण्याची शक्यता जास्त. शंभर पिल्लांमागे एका पिल्लात विलग होणाऱ्या जनुकांमधील अंतराला एक सेंटिमॉर्गन म्हणतात. उंदरात ते सरासरीने सुमारे 20 लाख डीएनए अक्षरांएवढे भरते. वेगवेगळ्या गुणसूत्रांवरील जनुके मात्र निम्म्या पिल्लांत एकत्र आणि निम्म्यांत विलग आढळतात.

प्रत्यक्षात ज्या दोषाचे जनुक शोधायचे, तो दोष असलेल्या जातीचा संकर डीएनएच्या दृष्टीने शक्य तितक्या भिन्न जातीशी केला जातो, कारण आईकडचा आणि वडिलांकडचा तुकडा ओळखता आला नाही, तर अदलाबदल होऊनही ती दिसणार नाही. त्यासाठी मस स्प्रेटस ही वेगळी प्रजातीही वापरली गेली. प्रयोगशाळेतील उंदराशी तिचा संकर केल्यास नर पिल्ले वंध्य निपजतात, त्यामुळे पुढची पिढी संकरित माद्यांपासूनच घ्यावी लागते. नंतर प्रत्येक पिल्लात दोष आणि गुणसूत्रांवरील ज्ञात खुणा, म्हणजे दोन जातींत वेगळे असणारे आणि जागा आधीच ठाऊक असलेले डीएनएचे तुकडे, ताडून पाहिल्या जातात. पत्ता किती नेमका लागेल हे यंत्रापेक्षा पिल्लांच्या संख्येवर अवलंबून असते: शंभर पिल्लांतून गुणसूत्र आणि त्यावरील ढोबळ पट्टा कळतो, पण त्याहून बारकाईने शोधायचे तर हजारोंची पैदास करावी लागते. माझ्या मते या शास्त्राचा खरा कस इथेच लागतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे 1950 साली अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेने नोंदवलेला अतिस्थूल उंदीर. हा दोष सहाव्या गुणसूत्रावर असल्याचे ठाऊक होते. परंतु स्थूल उंदीर बहुधा वंध्य असल्याने संकरासाठी दोषाचे वाहक, म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच सदोष असलेले, सडपातळ उंदीर निवडावे लागत. जेफ्री फ्रिडमन यांच्या गटाने दीड हजारांहून अधिक अदलाबदलींच्या संधी तपासून पट्टा अरुंद केला आणि 1994 मध्ये जनुक हाती घेतले. ते मेदऊतीत कार्यरत होते, आणि स्थूल उंदरात एका अक्षराच्या बदलाने प्रथिनाची बांधणी 105 व्या स्थानी अर्धवट थांबत होती. या प्रथिनाला पुढे लेप्टिन हे नाव मिळाले. उंदराच्या सहाव्या गुणसूत्राचा तो भाग माणसाच्या सातव्या गुणसूत्राच्या एका भागाशी जुळतो, आणि मानवी लेप्टिनचे जनुकही त्याच भागात आहे.