चिखलात गॉगल पुसू नका

पावसाळी ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटेवर, माउंटन बाइकने (सायकलने) डाउनहिल, म्हणजे उतारावरून वेगाने खाली, मारताना एक गोष्ट हमखास होते. पुढच्या चाकावरून चिखलाचा शिंतोडा उडून बरोब्बर डोळ्यासमोर गॉगलवर बसतो आणि आपण विचार करायच्या आत एक हात हँडलबार सोडून वर गेलेला असतो, ग्लोव्हच्या अंगठ्याने लेन्स पुसून झालेली असते, आणि मग लक्षात येतं की आता तर आधीपेक्षा कमी दिसतंय. आधी एक ठिपका होता, आता अख्ख्या लेन्सवर तपकिरी पातळ थर. यामागचं विज्ञान एकदा नीट कळलं ना, की हात तिकडे जाणं हळूहळू बंद होतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी डोळ्याचं बघू. गॉगलची लेन्स बुबुळापासून साधारण तीन-चार सेंटीमीटरवर असते आणि इतक्या जवळच्या वस्तूवर डोळा फोकस करूच शकत नाही, तो तर समोर दहा-पंधरा मीटरवरची मुळं आणि दगड बघत असतो. झाडीतल्या कमी उजेडात बाहुली मोठी होते, समजा ४ मिलिमीटर. आता दूरच्या एखाद्या दगडाकडून येणारा उजेड लेन्समधून जाताना एका बिंदूतून जात नाही, तो साधारण बाहुलीएवढ्याच ४ मिलिमीटरच्या गोलातून जातो. त्या गोलात २ मिलिमीटरचा चिखलाचा ठिपका बसला तर अडतो फक्त पाव भाग. म्हणजे दगड दिसायचा थांबत नाही, जरासा मंद दिसतो इतकंच, शिवाय दुसरा डोळा असतोच. म्हणून लेन्सवर वीस-पंचवीस बारीक ठिपके असले तरी आपण आरामात चालवतो, मेंदू त्यांच्याकडे लक्षसुद्धा देत नाही.

पण तोच चिखल पुसून पसरवला की खेळ बदलतो. आता प्रत्येक बिंदूकडून येणारा उजेड मातीच्या सूक्ष्म कणांवर आणि पाण्याच्या बारीक थेंबांवर आपटून सगळ्या दिशांना विखुरतो, आभाळाचा पांढरा उजेड काळ्या खड्ड्याच्या प्रतिमेत मिसळतो आणि कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ आणि गडद यातला फरक, मरतो. डाउनहिलमध्ये आपण रंग-बिंग बघतच नसतो, आपण बघतो सावल्या, म्हणजे कुठे खड्डा, कुठे कड, कुठे ओलं चकचकीत मूळ, आणि हे सगळं कॉन्ट्रास्टवरच चालतं. थोडक्यात ठिपके परवडतात, थर परवडत नाही.

दुसरं नुकसान कायमचं असतं. चिखल म्हणजे नुसती मऊ माती नव्हे, त्यात २ मायक्रॉनपेक्षा बारीक चिकणमातीचे कण असतात, त्याहून मोठे गाळाचे कण असतात आणि वाळूचे कणही असतात, आणि वाळूत बहुतेक ठिकाणी क्वार्ट्‌झ सापडतो. मोहच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर क्वार्ट्‌झ ७ वर आहे, साध्या काचेवरसुद्धा तो ओरखडा काढतो. गॉगलची लेन्स तर पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची असते, जी दगड लागला तरी सहसा फुटत नाही म्हणून वापरतात पण घासण्याच्या बाबतीत काचेपेक्षा खूपच मऊ. म्हणजे ग्लोव्हने चिखल पुसणं आणि ओल्या पॉलिश पेपरने लेन्स घासणं यात फारसा फरक नाही. माझी एक चांगली लेन्स अशीच गेली. घरी आणून धुतली तर अगदी स्वच्छ वाटली, पण संध्याकाळचं तिरपं ऊन समोरून आलं की उजव्या डोळ्यासमोर अंगठ्याच्या रुंदीची एक कमान चमकायला लागायची, नीट बघितलं तर शेकडो बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेने वळलेल्या, जसा हात फिरला होता तशाच.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे चिखल लेन्सपर्यंत कमी कसा येईल ते बघायचं, आणि त्यासाठी तो येतो कुठून हे समजून घ्यायला मजा येते. ताशी ३६ किलोमीटर वेग धरा, म्हणजे सेकंदाला १० मीटर. २९ इंची चाकाची त्रिज्या टायरसकट साधारण ३७ सेंटीमीटर. गणित केलं तर टायरला चिकटलेल्या चिखलाला गोल फिरवत ठेवायला त्याच्या वजनाच्या जवळजवळ २७ पट जोर लागतो. एवढा चिकटपणा पातळ चिखलात नसतो, त्यामुळे तो सुटतो, आणि सुटतो तो स्पर्शरेषेत, म्हणजे त्या क्षणी टायरचा तो भाग ज्या दिशेला चाललाय त्या दिशेला. आपल्या बाजूने बघितलं तर पुढच्या चाकाची मागची बाजू वर चढत असते आणि माथा पुढे पळत असतो. मागच्या बाजूने सुटलेला गोळा सरळ वर उडतो, शिवाय बाइकबरोबर पुढेही चाललेला असतो. हवेचा अडथळा नसता तर १० मीटर वेगाने वर गेलेला गोळा ५ मीटर उंच गेला असता. पण हवा असतेच, आणि ती बारीक थेंबांना पटकन थांबवते. थेंबाचा पुढचा वेग मारला जातो, आपला मात्र तसाच राहतो. म्हणजे बऱ्याचदा चिखल आपल्या तोंडावर येतच नाही, तो हवेत लटकलेला असतो आणि आपण जाऊन त्यात घुसतो.

वेगाचा वर्ग येतो ना या गणितात, म्हणून वेग दुप्पट झाला की चिखल सोडवणारा जोर चौपट होतो, आणि म्हणूनच वरच्या हळू टप्प्यात गॉगल स्वच्छ राहतो आणि खालच्या सरळ पट्ट्यात तीन सेकंदांत बरबटतो. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या कमानीला झिप-टायने बांधलेला साधा प्लास्टिकचा मडगार्ड म्हणूनच इतका कामाचा, कारण तो चाकाच्या मागच्या-वरच्या भागावरच छप्पर धरतो, जिथून वर उडणारा माल सुटतो. माझ्या मते गॉगलवर हजार उपाय करण्याआधी हा एक तुकडा लावा. हेल्मेटचा पीक, म्हणजे कपाळावर पुढे आलेली झडप, पावसात एक खाच खाली घ्या, वरून पडणारं तोच अडवतो. आणि पुढच्या रायडरच्या मागच्या चाकाला चिकटून जाऊ नका, त्याने उडवलेला सगळा पाऊस तुमच्याच नावाचा असतो.

इतकं करूनही चिखल बसणारच. मग दोन रस्ते, टेअर-ऑफ आणि रोल-ऑफ, आणि दोन्हींमागची कल्पना एकच की पुसायचं नाही, घाण झालेला पृष्ठभागच काढून टाकायचा. टेअर-ऑफ म्हणजे लेन्सवर एकावर एक लावलेल्या पातळ पारदर्शक फिल्म, बाजूला शेपटी, शेपटी ओढली की वरची फिल्म चिखलासकट गेली. पण यात भौतिकशास्त्राचा एक हिशोब आहे. प्लास्टिकच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ५ टक्के उजेड परत फिरतो, आणि एका फिल्मला पृष्ठभाग दोन. लेन्सवर ७ सुट्या फिल्म लावल्या तर जवळजवळ निम्मा उजेड डोळ्यापर्यंत पोचतच नाही, आणि जंगलात मुळात उजेड कमी. शिवाय दोन फिल्मच्या मधल्या फटीत पावसाचं पाणी केशाकर्षणाने आपोआप खेचलं जातं, जसं कापडाची कड पाण्याला लागली की पाणी वर चढतं तसंच, आणि मग मधेच ढगासारखे डाग दिसतात. लॅमिनेटेड टेअर-ऑफमध्ये फिल्मच्या मधे पारदर्शक चिकट थर असतो, मधे हवाच नाही म्हणून परावर्तन खूप कमी आणि पाण्याला फटही नाही. ओल्या दिवशी तेच घ्यावेत असं मला वाटतं. एक कळकळीची विनंती, ओढलेली फिल्म ट्रेलवर पडते आणि ती वर्षानुवर्षं तिथेच राहते, कुजत नाही. बऱ्याच ट्रेलवर आणि रेसमध्ये याच कारणाने टेअर-ऑफना मनाई असते, आणि नसली तरी फिल्म टाकून येऊ नये.

रोल-ऑफमध्ये हा प्रश्नच नाही. लेन्सच्या दोन्ही बाजूंना छोट्या डब्या, एकीत कोरी फिल्म गुंडाळलेली, दोरी ओढली की ती लेन्सवरून सरकून दुसऱ्या डबीत जाते, चिखलासकट. कचरा गॉगलवरच राहतो. याची दुखरी जागा म्हणजे फिल्मच्या मागे शिरणारं पाणी. पाणी एकदा फिल्म आणि लेन्सच्या मधे गेलं की पृष्ठताणामुळे फिल्म लेन्सला घट्ट चिकटून बसते, दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून वेगळ्या करायला गेलात तर कळेल किती जोर लागतो. मग दोरी ओढली तरी फिल्म सरकत नाही, किंवा सरकते पण मागचा डाग तसाच. म्हणून फिल्मच्या वरच्या कडेवर एक पातळ पट्टी लावतात, पाणी आत उतरू नये म्हणून, आणि लेन्सवर बारीक उंचवटे देतात, फिल्म थोडी उचललेली राहावी म्हणून. ही पट्टी न लावता रोल-ऑफ बसवलेला बघितला की मला राहवत नाही, मी थांबवून सांगतो.

दोरी कधी ओढायची हेही महत्त्वाचं. ठिपके परवडतात हे आठवा. प्रत्येक शिंतोड्याला ओढाल तर फिल्म अर्ध्या वाटेत संपेल, आणि एक हात सुटलेला असतो तेवढा वेळ बाइक एकाच हातावर. सेकंदाला १० मीटर वेगात एक सेकंद म्हणजे १० मीटर. म्हणून सरळ, गुळगुळीत तुकडा आधीच हेरून ठेवा आणि तिथेच ओढा. आणखी एक, पाऊस थांबल्यावरचा चिखल धो-धो पावसातल्या चिखलापेक्षा त्रासदायक असतो. पातळ चिखल लेन्सवरून ओघळून जातो, पण अर्धवट सुकत आलेल्या चिखलात कणांच्या मधे पाण्याचे इवले पूल तयार होतात, ते कणांना एकमेकांशी आणि लेन्सशी बांधून ठेवतात. पाणी झटकून टाकणारे स्प्रे पावसाच्या थेंबांवर छान चालतात, या चिकट मालावर त्यांचं फारसं चालत नाही.

आता आतली बाजू, आणि इथे शत्रूच वेगळा. आपला श्वास बाहेर पडतो तो साधारण ३४ अंशांचा आणि वाफेने जवळजवळ भरलेला. ३४ अंशांच्या हवेत घनमीटरला ३७ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, १० अंशांच्या हवेत साडेनऊ ग्रॅमसुद्धा नाही. तो श्वास आणि कपाळाचा घाम थंड लेन्सला लागला की जास्तीची वाफ थेंब होऊन तिथेच बसते, आणि हे थेंब इतके बारीक की उजेड भयंकर विखुरतात. वाहत्या हवेत ही वाफ निघून जाते, म्हणूनच चालू असताना काही नाही आणि स्टार्टला उभे राहिलात की दोन मिनिटांत धुकं. त्यात गॉगलच्या फ्रेमवरच्या फोमची छिद्रं चिखलाने बुजली की चालू असतानाही धुकं धरतं, म्हणजे बाहेरचा चिखल आतल्या वाफेला मदत करतो.

डबल लेन्सचा उपाय जुना आहे, अमेरिकेतले दातांचे डॉक्टर बॉब स्मिथ यांनी १९६५ मध्ये स्कीइंगसाठी असा गॉगल बनवला. दोन लेन्सच्या मधे कोंडलेली हवा पॉलिकार्बोनेटपेक्षा साधारण ८ पट कमी उष्णता वाहू देते, त्यामुळे आतली लेन्स गरम राहते आणि वाफ बसत नाही. दुसरा उपाय म्हणजे अँटी-फॉग थर. तो पाण्याला झटकत नाही, उलट पसरवतो, थेंबांच्या ऐवजी एक सलग पातळ पापुद्रा होतो आणि पापुद्र्यातून आरपार दिसतं. पण हा थर ओला असताना पाणी पिऊन फुगतो आणि मऊ पडतो, त्या वेळी आतून बोट फिरवलंत की तो तिथून खरवडला जातो आणि नेमकी तीच जागा पुढच्या वेळी आधी धुकं धरते. आतून काही गेलंच तर मायक्रोफायबरने नुसतं टिपून घ्या, घासू नका. गॉगल स्टार्टच्या अगदी शेवटच्या क्षणी डोळ्यावर घ्या, आणि तोवर कपाळावर ठेवू नका, तिथे घाम आणि उष्णता दोन्ही थेट आतल्या बाजूला लागतात.

राइड संपल्यावर घाई करू नका. चिखल सुकून कडक झाला असेल तर आधी पाण्याची बारीक धार सोडा, हात न लावता, चिखल स्वतःहून सुटेपर्यंत. मग बोटांच्या पेराने हलकेच, साबण अगदी थोडा आणि तोही फक्त बाहेरून. अमोनियावाले काच साफ करायचे स्प्रे नकोत, पॉलिकार्बोनेट आणि त्यावरचे थर दोन्ही खराब होतात. डबल लेन्स बादलीत बुडवू नका, कडेच्या फटीतून पाणी मधे शिरलं तर ते पुसायला तिथे हात पोचत नाही. लेन्स फ्रेममधून काढून सावलीत उभी ठेवा, फोम वेगळा दाबून पाणी काढा, आणि फोम पूर्ण कोरडा झाला का हे गालाला लावून बघा, बोटाला कोरडा वाटणारा फोम गालाला बऱ्याचदा अजून गार लागतो, म्हणजे आत ओल आहे आणि तीच उद्या सकाळी वाफ होऊन लेन्सवर बसणार आहे.