बारा काड्यांचे त्रिकोण

नौपाड्यातल्या आमच्या घरी पावसात दिवे गेले की काड्यापेटी निघते, आणि मेणबत्ती लागल्यावर ती भाचीच्या ताब्यात जाते. परवा तिला म्हटलं, बारा काड्या घे. एकही न मोडता, एकही न उरवता त्रिकोण कर.

बारा काड्यांचे तीन वाटे बारा तऱ्हांनी पडतात. त्यातल्या नऊ तऱ्हांत त्रिकोण होतच नाही. कुठल्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी हवी. ७-३-२ मांडलं तर टोकं एकमेकांना पोचत नाहीत. जमतात ते तीनच: ४-४-४, ५-५-२ आणि ३-४-५. समभुज, समद्विभुज, विषमभुज. शाळेतल्या तिन्ही जाती, एकेकच! मला हे फार सुंदर वाटतं.

जात ठरवायला फूटपट्टी लागत नाही, बाजू एकमेकींशी ताडून पाहिल्या की झालं. एक सुतळी पुरते. नवव्या शतकात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त त्रिभुजाचे सम, द्विसम आणि विषम असे तीन प्रकार केले, तेही याच तुलनेवर. आपली आजची नावं त्यांच्या किती जवळची आहेत!

पण समभुज त्रिकोणाला समद्विभुज म्हणायचं का? युक्लिडच्या व्याख्येत समद्विभुजाच्या दोनच बाजू समान असतात, म्हणजे समभुज बाहेर. आज गणितात सहसा 'किमान दोन' असं धरतात, आणि मला तेच पटतं. वाशीच्या एखाद्या सोसायटीत रंगारी घोडा, म्हणजे दुहेरी शिडी, लावतात तो आठवा. दोन सारखे पाय आणि खालची जमीन मिळून समद्विभुज त्रिकोण. पाय फाकवत नेले की पाया रुंदावतो, आणि एका क्षणी तो घोड्याच्या एका पायाएवढाच लांब होतो. तेवढ्या क्षणापुरता घोडा समद्विभुज राहत नाही असं कसं म्हणावं? दोन्ही पाय जमिनीशी सारखाच कोन करतात, हा समद्विभुजाचा गुण तेव्हाही टिकतो. उलट तिथे तिन्ही कोन सारखे, ६० अंशांचे होतात.

मग भाचीने एक काडी काढून घेतली. अकरा काड्यांचे त्रिकोण कमी होतील असं तिला वाटलं, पण झाले चार! बारा काड्यांत सहाची बाजू धरली की उरलेल्या सहा, १-५, २-४ किंवा ३-३ कशाही जोडा, तिच्यावरच आडव्या पडतात. त्या सहातली एक काडी उचलली, बाजू पाचची केली, की तिन्ही जोड्या उभ्या राहतात. चौथा त्रिकोण ४-४-३. समभुज मात्र एकही नाही, कारण अकराला तीनने भाग जात नाही. दिवे आले तेव्हा ती तेरावर पोचली होती.