गंधकाचा हिशेब: आलेखातले टन येतात कुठून?

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या जवळपास ७८ टक्के कोळशावरच्या वीजसंचांना धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यापासून सूट दिली. त्यावर झालेल्या चर्चेत एक वाक्य पुन्हा पुन्हा आलं: आपल्या कोळशात मुळातच गंधक कमी आहे. हे खरं आहे. प्रश्न असा की 'कमी' म्हणजे कशाच्या मानाने कमी, किलोमागे की विजेच्या युनिटमागे? आशियाच्या हवेत गेल्या पाऊणशे वर्षांत किती सल्फर डायऑक्साइड गेला, याचे जे आलेख आपण पाहतो त्यांचा सगळा डोलारा अशाच प्रश्नांवर उभा आहे.

अनेकांचा समज असतो की हे लाखो टनांचे आकडे कुणीतरी मोजलेले असतात. चौकातली यंत्रं हवेतलं प्रमाण मोजतात, म्हणजे एका घनमीटरमध्ये किती मायक्रोग्रॅम. ते वाऱ्यावर, पावसावर, थंडीतल्या दबलेल्या हवेवर बदलतं. उत्सर्जन म्हणजे धुराड्यातून बाहेर किती पडलं, आणि अख्ख्या देशाचं उत्सर्जन मोजलं जात नाही, गुणाकाराने काढलं जातं. किती इंधन जळलं, गुणिले दर किलोमागे किती प्रदूषक निघतं, गुणिले त्यातलं किती न अडवता बाहेर गेलं. मधल्या आकड्याला उत्सर्जन गुणांक म्हणतात. वीजकेंद्र, भट्टी, ट्रक, चूल अशा प्रत्येक स्रोतासाठी, प्रत्येक वर्षासाठी, प्रत्येक प्रांतासाठी हा गुणाकार करायचा आणि बेरीज मारायची. जपानी संशोधकांनी तयार केलेली 'रीस' ही आशियाची उत्सर्जन-सूची १९५० ते २०१५ पर्यंतचा हिशेब असाच मांडते.

गंधकाच्या बाबतीत हा गुणाकार विलक्षण स्वच्छ आहे. जळणाऱ्या कोळशातलं गंधक नाहीसं होत नाही. थोडंसं राखेत अडकतं, बाकी सगळं सल्फर डायऑक्साइड होऊन धुराड्यातून जातं. गंधकाचा अणुभार ३२, दोन ऑक्सिजनचे मिळून ३२, म्हणजे एक किलो गंधकाचा दोन किलो वायू.

५०० मेगावॉटचा एक संच घेऊ. भारतीय कोळशात राख ३५ ते ४५ टक्के, उष्मांक कमी, म्हणून युनिटमागे साधारण ०.६५ किलो कोळसा लागतो. पूर्ण क्षमतेने तासाला ५ लाख युनिट, म्हणजे ३२५ टन कोळसा. दिवसाला ७,८०० टन, रेल्वेच्या साधारण दोन रेक. गंधक अर्धा टक्का धरलं तर ३९ टन, आणि त्याचा वायू ७८ टन. एका संचाचा, एका दिवसाचा. राखेतली वजाबाकी फार तर काही टनांची.

आता युनिटमागे पाहू. आपल्या संचातून युनिटमागे साडेसहा ग्रॅम वायू निघतो. दुसरीकडे समजा चांगल्या उष्मांकाचा, पण दुप्पट म्हणजे एक टक्का गंधकाचा कोळसा आहे आणि युनिटमागे ०.४५ किलो लागतो. त्याचे ९ ग्रॅम होतात. गंधक दुप्पट असूनही वायू दुप्पट नाही, दीडपटीच्याही खाली. कारण आपण कमी गंधकाचा कोळसा जास्त किलो जाळतो. त्या दुसऱ्या संचाला ९५ टक्के गंधक काढणारी यंत्रणा बसवली की ९ ग्रॅमचे ०.४५ ग्रॅम होतात आणि आपला 'कमी गंधकाचा' संच चौदापट पुढे जातो.

ही यंत्रणा, म्हणजे एफजीडी, धूर एका मनोऱ्यातून नेते आणि वरून बारीक दळलेल्या चुनखडीच्या पाण्याचे फवारे सोडते. वायू पाण्यात विरघळून आम्ल होतो, चुनखडी त्याला धरून ठेवते, तळाशी हवा फुंकली की त्याचं जिप्सम बनतं. आपल्या ५०० मेगावॉटच्या संचातल्या ७८ टनांपैकी रोज ७४ टन वायू अडवायचा तर सुमारे ११६ टन शुद्ध चुनखडी लागते आणि जवळपास २०० टन जिप्सम निघतं, जे सिमेंट कारखान्यांना लागतं. चुनखडीतून ५१ टन कार्बन डायऑक्साइडही सुटतो, आणि 'एफजीडीमुळे तापमानवाढ होईल' हा युक्तिवाद तिथूनच येतो. पण त्याच दिवशी त्याच संचातला कोळसा दहा हजार टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो. ५१ टन म्हणजे त्याचा अर्धा टक्का. सूट देताना धुराडी ठरलेल्या उंचीची हवीत अशी अट आहे. उंच धुराड्यामुळे वायू दूरवर पसरतो, पण आपल्या गुणाकारात उंचीला जागाच नाही. ७८ टन ते ७८ टनच.

किनाऱ्यावर चुनखडीही लागत नाही. समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं आणि त्यात लिटरमागे सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट आधीच असतं, आणि विरघळलेल्या वायूचंही शेवटी सल्फेटच बनतं, त्यामुळे धूर त्याच पाण्याने धुता येतो. मुंबईत ट्रॉम्बेच्या वीजकेंद्रात ऐंशीच्या दशकात आणि डहाणूत २००७ च्या सुमारास हे झालेलं आहे.

हिशेब सगळ्यात जास्त चुकतो तो गुणाकारातल्या तिसऱ्या आकड्यात, म्हणजे किती न अडवता बाहेर गेलं त्यात. चीनने २००६ ते २०१० च्या पंचवार्षिक योजनेत सल्फर डायऑक्साइड १० टक्क्यांनी कमी करण्याचं लक्ष्य ठेवलं आणि झपाट्याने एफजीडी बसवल्या. सुरुवातीला त्यातल्या पुष्कळ बंदच असत, कारण चुनखडी आणि वीज दोन्हीला पैसे पडतात आणि बाजूने काढलेल्या वळणनळीतून धूर थेट धुराड्यात सोडता येतो. यंत्रणा बसली म्हणून सूची करणाऱ्याने '९५ टक्के' लिहिलं, तर १०० टनांतले ५ टनच बाहेर जाताना दिसतात. प्रत्यक्षात ती ६० टक्केच वेळ चालली तर ५७ टन अडतात आणि ४३ टन जातात, म्हणजे कागदापेक्षा साडेआठपट. मग चिनी सरकारने यंत्रणा चालवणाऱ्यांना युनिटमागे दीड फेन (फेन म्हणजे युआनचा शंभरावा भाग) जादा दर दिला, बंद ठेवणाऱ्यांना दंड केला, धुराड्यात अखंड चालणारे मापक बसवले. उतार खरा तिथून सुरू झाला.

पहिला आकडा, म्हणजे किती इंधन जळलं, तोही सरकतो. २०१५ मध्ये चीनने आधीच्या वर्षांचे कोळशाचे आकडे सुधारले आणि काही वर्षांत तर १७ टक्क्यांपर्यंत वाढ निघाली. जुना आलेख मागे जाऊन बदलावा लागला.

पडताळा वरून होतो. २००४ मध्ये सोडलेल्या ऑरा उपग्रहावरचं ओएमआय हे उपकरण जमिनीवरून परतणारा अतिनील प्रकाश पाहतं. ३१० ते ३३० नॅनोमीटरच्या पट्ट्यात सल्फर डायऑक्साइड ठरावीक तरंगलांबींवर प्रकाश शोषतो, आणि त्या खाचांच्या खोलीवरून हवेच्या स्तंभात किती वायू आहे ते कळतं. याच निरीक्षणांवरून २०१७ मध्ये दिसून आलं की २००७ पासून चीनचं उत्सर्जन सुमारे ७५ टक्के घटलं, भारताचं सुमारे ५० टक्के वाढलं.

आपल्याकडे ज्या ठिकाणी गुणांक कायद्याने बदलला तिथे आलेखही वाकला. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत डिझेलमध्ये गंधक १०,००० पीपीएम, म्हणजे एक टक्का असे. लिटरमागे साडेसोळा ग्रॅम वायू. एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधनात १० पीपीएम. डिझेलची विक्री वाढत राहिली तरी लिटरमागचा गुणांक हजारपट खाली आला.

नायट्रोजन ऑक्साइड इतके सरळ नाहीत, कारण त्यातला नायट्रोजन फक्त इंधनातून नव्हे, हवेतूनही येतो आणि ज्योत किती तापली त्यावरही प्रमाण ठरतं. काजळीचं तर त्याहून अवघड. तीच गोवरी सुकी असली, दमट असली, फुंकणीने फुलवली किंवा नुसती धुमसत ठेवली, प्रत्येक वेळी गुणांक वेगळा. होमात गोवऱ्या आणि तूप जाळल्याने हवा शुद्ध होते असा दावा करणाऱ्यांनीही हा गुणाकार करून पाहावा. उघड्यावर जळणारी किलोभर गोवरी काही ग्रॅम सूक्ष्म कण हवेत टाकते, मंत्र म्हटले तरी आणि नाही म्हटले तरी.

प्रयोगशाळेत चुलीची चाचणी मोजून कापलेल्या सुक्या लाकडावर, पाणी उकळवून होते. खऱ्या स्वयंपाकघरात भाकरी शेकताना आच कमी-जास्त होते, लाकूड ओलं असतं, मध्येच विझतं, आणि तिथे मोजलेले कण प्रयोगशाळेपेक्षा जास्त निघतात. म्हणून आशियाच्या सूचीत गंधकाची रेघ त्या मानाने भरवशाची असते. काजळीची रेघ मात्र एका सूचीपासून दुसऱ्या सूचीपर्यंत दुपटीने वर-खाली होऊ शकते. धुराड्यावरून जाणारा उपग्रह वीजकेंद्र वेगळं ओळखतो, पण चुलींचा धूर कोट्यवधी घरांतून पातळ होऊन येतो आणि वरून त्याची बेरीज लागत नाही.