शिसे ‘दहाच्या आत’ असले म्हणजे मूल सुरक्षित?
मुलाच्या रक्तातील शिसे दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या आत असले की काळजी नको, ही समजूत अजून टिकून आहे. तिचे मूळ अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने १९९१ मध्ये ठरवलेल्या आकड्यात आहे. पण याच संस्थेने तो २०१२ मध्ये ५ वर आणि २०२१ मध्ये ३.५ वर आणला, आणि हा आकडाही सुरक्षिततेची मर्यादा नव्हे, तर कोणत्या मुलांकडे आधी लक्ष द्यावे हे ठरवणारी सांख्यिकीय रेषा आहे. अर्थात, बोट टोचून घेतलेल्या थेंबात त्वचेवरचे शिसे मिसळून आकडा फुगू शकतो, म्हणून वाढीव प्रमाणाची खात्री शिरेतल्या रक्तावरच करतात. शिवाय रक्तातले शिसे साधारण महिन्याभरात निम्म्यावर येते, हाडांतले मात्र वर्षानुवर्षे साठून राहते. त्यामुळे आजचा चांगला रिपोर्ट जुन्या संपर्काबद्दल फारसे काही सांगत नाही.